जिवाई सुईण आणि एकविसावा दिवस

एका राज्यात, जिथे तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला नदी होती, तिथल्या राजवाड्याच्या चौकात सावरीच्या झाडावर एक धनेश पक्षी राहत होता. तो माणसासारखा बोलत असे, पण साठ वर्षांत दोनदाच बोलला होता. पहिल्यांदा त्याने थोरल्या महाराजांच्या मरणाची घटका सांगितली, आणि नेमक्या त्या घटकेला महाराज गेले. दुसऱ्यांदा त्याने हत्तीखान्याला आग लागेल असे सांगितले. लोकांनी चार दिवस पाण्याचे हंडे भरून ठेवले, तरी आग लागलीच. म्हणून तिसऱ्यांदा त्याने चोच उघडली तेव्हा दरबारातला चवरी ढाळणारा हातसुद्धा जागच्या जागी थांबला.

“आजपासून एकविसाव्या दिवशी सूर्य माथ्यावर येईल, तेव्हा या नगरीत एकही चूल पेटती राहणार नाही आणि एकही माणूस जिता राहणार नाही.”

एवढे बोलून पक्ष्याने मान पंखांत घातली.

गादीवर राजा उदयकेतू होता. वयाने तिशीचा, मनाने मऊ. त्याची एकुलती एक कन्या त्या वेळी त्याच्या मांडीवर बसली होती. राजाने तिचे कान झाकले, पण शब्द आत जाऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नगरी बदलली. कोष्ट्यांनी अर्धी विणलेली लुगडी मागावरून कापून काढली. कुंभारांनी भट्टी विझवली. शाळेत पंतोजी आले नाहीत. कोणी देवळाच्या पायरीवर डोके आपटू लागले, कोणी सकाळपासून मद्य पिऊ लागले. बारा वर्षे एकमेकांचे तोंड न पाहिलेले दोन भाऊ एका ओट्यावर येऊन रडले, आणि संध्याकाळी पुन्हा आधी कोणाचे चुकले यावरून भांडले. पुष्कळांनी घरे उघडी टाकून डोंगराची वाट धरली.

राजाने दरबारात विचारले, “हा पक्षी उत्तरेच्या काळ्या डोंगरावरून आजोबांना नजराणा म्हणून आला होता. पाठवणारा मांत्रिक अजून जिता आहे म्हणतात. त्याला जाऊन विचारील असा कोणी आहे का?”

सेनापती खाली बघू लागला. प्रधान म्हणाला, “महाराज, जायला यायला दहा दिवस. उरलेल्या वीस दिवसांतले दहा वाटेत कोण घालवील?”

तेव्हा मागच्या दारातून एक बाई पुढे आली. ती वरच्या आळीतली जिवाई सुईण. वय पन्नाशीचे, पदर कमरेला खोचलेला. नगरीतली अर्धी माणसे तिच्याच हातांत पहिल्यांदा रडली होती, राजकन्यासुद्धा.

“मी जाते,” ती म्हणाली.

“तुला मरणाचे भय नाही?” राजाने विचारले.

“आहे महाराज. पण माझ्या हाताखाली तीन बायका आहेत. तिघींचे दिवस एकविसाव्या दिवसानंतर भरतात. काल तिघी आल्या आणि म्हणाल्या, जिवाई, आता आम्ही काय करायचं? मला उत्तर देता आलं नाही.”

राजाने तिला वाटेची दशम्यांची शिदोरी दिली, आणि ती निघाली.

तिसऱ्या दिवशी तिला उलटी नदी लागली. तिचे पाणी समुद्राकडून डोंगराकडे वाहत होते आणि समोर बघत उतरणाऱ्याला ती मागे फेकत होती. जिवाई पाठमोरी उतरली आणि पलीकडे निघाली. मग पाषाणाच्या वाघांचे रान आले. ते वाघ धावणाऱ्यालाच खात. ती न धावता पावलापुढे पाऊल टाकत चालली. एका वाघाने तिचा पदर हुंगला आणि सोडून दिला. शेवटी काळा डोंगर आला. त्याच्या तोंडाशी शिळा होती, आणि खरे कारण सांगणाऱ्यालाच ती वाट देत असे. जिवाई म्हणाली, “मला तीन बायकांना उत्तर द्यायचंय.” शिळा सरकली.

आत एक अतिशय म्हातारा माणूस बसला होता. समोर पाण्याने भरलेले तांब्याचे घंगाळ, आणि त्यात वेळ मोजायचे सोन्याचे घटिकापात्र तरंगत होते. वरून, कुठून ते दिसत नव्हते, त्या पात्रात एकेक थेंब पडत होता. पात्र निम्मे भरले होते.

“कोण?” म्हाताऱ्याने न बघता विचारले.

“सुईण आहे.”

“इथे कोणी जन्माला येत नाही.”

“ठाऊक आहे. मरण कुठून येतंय ते बघायला आले.”

म्हाताऱ्याने पात्राकडे बोट केले. “इथून. तुमच्या नगरीत कोणी भयाने हातातले काम खाली ठेवले की इथे एक थेंब पडतो. एकविसाव्या दिवशी पात्र भरेल आणि बुडेल. कसे मराल ते मी ठरवलेले नाही. ते तुमचे तुम्ही शोधाल.”

“आम्ही तुमचं काय केलं?”

“तू काही नाही. मी भानुमित्र, तुमच्या नगरीचा जोशी होतो. साठ वर्षांपूर्वी राजाला सांगितले, महापूर येतो आहे, खालची आळी हलवा. राजा हसला. लोक हसले. लोकांना भिववतो म्हणून मला चाबकाचे एकवीस फटके मारून वेशीबाहेर घातले. आणि पूर आला. माझे घर खालच्या आळीत होते. बायको होती, तीन मुले होती.” तो थांबला. “तेव्हा ऐकले नाही म्हणून मेले. आता ऐकतील, आणि ऐकल्यामुळे मरतील. पक्ष्याकडून दोनदा खरे बोलवून घेतले ते तिसऱ्यांदा तुमचा विश्वास बसावा म्हणून.”

जिवाई त्याच्यासमोर उकिडवी बसली. पात्रात थेंब पडत होते. तिने विचारले, “मुलांची नावं काय होती?”

म्हाताऱ्याचे ओठ हलले. “उत्पला,” तो म्हणाला. “मग सोमेश. मग धाकटा...” बराच वेळ तो आठवत राहिला. “धाकट्याचे नाव आठवत नाही.”

“याला उतारा काय?” जिवाईने विचारले.

“शाप दिला की उःशापही द्यावा लागतो,” तो अखेर म्हणाला. “साठ वर्षांत तो मागायला कोणी आले नाही. ऐक. तुमच्या नगरीतल्या तीन माणसांनी, आपल्या मनाने, एकविसाव्या दिवसापलीकडे जाणारे काम हाती घेतले पाहिजे. तू हुकूम द्यायचा नाहीस. लालूच दाखवायची नाहीस. भाकीत खोटे आहे असे सांगायचे नाहीस. आणि ही अट कोणाला कळता कामा नये. कळली त्या क्षणी पात्र बुडेल.”

“तीनच माणसं?”

“तीनच. पण तुला ती मिळणार नाहीत.”

त्याने तिच्या मनगटाला लाल दोरा बांधला. दोऱ्याला तीन गाठी होत्या.

जिवाई परतली तेव्हा बारावा दिवस उजाडला होता. वेशीचे दार उघडे होते आणि राखणीला कोणी नव्हते. रस्त्यात केराचे ढीग पडले होते. तिला बघून लोक धावत आले. “काय म्हणाला मांत्रिक? खरं की खोटं?”

जिवाईच्या जिभेवर सगळे आले होते. तिने ते गिळले. “मला काही सांगता येत नाही,” ती म्हणाली.

लोकांनी त्याचा एकच अर्थ घेतला. एक बाई तिथेच मटकन खाली बसली. तिच्या त्या तिघी गर्भारणी दाराआड उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

चार दिवस जिवाई घरोघर फिरली. कोष्ट्याच्या मागाजवळ बसून म्हणाली, “हात रिकामे बरे वाटतात का?” कोष्टी म्हणाला, “विणतो. पण नेसणार कोण?” ती पुढच्या घरी गेली. पंतोजींनी तिच्या तोंडावर दार लावले. गवंडी हसला आणि रडू लागला. अकरा घरे झाली. गाठी तशाच होत्या.

सोळाव्या दिवशी ती पाणी मागायला चिमाक्काच्या घरी थांबली. चिमाक्का जाडजूड, तोंडाळ बाई. तिच्या ओसरीवर कैऱ्यांचा ढीग पडला होता आणि त्यावर चिलटे घोंगावत होती. चिमाक्का त्या ढिगाकडे रागाने बघत होती.

“पाच दिवस झाले, नासताहेत,” ती म्हणाली. “बघवत नाही मला.” आणि ती उठली, विळी ओढली आणि कैऱ्या फोडू लागली. आतून नवरा ओरडला, “अगं, वेड लागलं का? लोणचं मुरायला महिना लागतो!”

“लागू दे!” चिमाक्का ओरडली. “मग काय उकिरड्यावर टाकू? तू मीठ आण. आणि बरणी कोरडी कर, नाहीतर बुरशी येईल.”

मिठाचा पहिला थर पडला आणि जिवाईच्या मनगटावरची एक गाठ आपोआप सुटली. ती पाणी न पिताच उठली. डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून तिने पदर तोंडाला लावला.

अठराव्या दिवशी तिला हत्तीखान्यातून विव्हळणे ऐकू आले. सगळे माहूत पळाले होते. राजाचा थोरला हत्ती साखळीत उभा होता, पायाला मोठी जखम झाली होती आणि तीत किडे पडले होते. जिवाईने त्याला पाणी पाजले. मग ती डोंगर चढली. तिथे राहुट्यांच्या गर्दीत तिने दौलत माहुताला शोधून काढले.

“हत्तीच्या पायात किडे पडलेत,” ती म्हणाली.

“तीन दिवसांत सगळेच मरणार, जिवाई.”

“असेल. पण तो आज विव्हळतोय.”

दौलतने पागोटे डोक्याला गुंडाळले. मग उठला आणि तिच्या मागे खाली आला. म्हणाला, आजच्यापुरते धुऊन देतो. त्याने कडुलिंबाच्या पाण्याने जखम धुतली. हत्तीने सोंड त्याच्या खांद्यावर ठेवली. दौलतने जखमेची खोली बोटाने बघितली आणि सवयीने बोलून गेला, “चाळीस दिवस लागतील. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला हवी.” बोलल्यावर तो दचकला. जिवाईकडे बघितले. ती दुसरे पाणी ओतत होती. त्याने भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढली. “हा पहिला,” तो म्हणाला, आणि दुसरी गाठ सुटली.

एकोणिसाव्या दिवशी दवंडी पिटली गेली.

“ऐका हो ऐका! महाराजांना प्रजेचे हाल बघवत नाहीत. एकविसाव्या दिवशी सर्वांनी राजवाड्यासमोर यावे. राजवैद्यांनी खीर सिद्ध केली आहे. सूर्य माथ्यावर येण्याआधी नगारा वाजेल. त्या घटकेला सर्वांनी खीर घ्यावी. दुखणार नाही. झोप लागेल.”

जिवाईने दवंडी पुरी ऐकली. मरण कसे येणार होते ते आता तिला कळले. पूर येणार नव्हता, आग येणार नव्हती. वैद्याने कढयांत बचनागाचे विष घातले होते, आणि राजा ते मायेने वाढणार होता.

ती चौकात उभी राहून ओरडली, “पिऊ नका!” लोकांनी विचारले, “भाकीत खोटं आहे का? सांग!” तिला सांगता येत नव्हते. एक म्हातारा म्हणाला, “मग आम्हांला सुखाने मरू दे, बाई.” दोन बायकांनी तिला धरून बाजूला केले.

एकविसावा दिवस उजाडला. माणसे नवी वस्त्रे नेसून आली. लेकरांना काजळ लावले होते. कढयांची रांग लागली होती आणि वेलदोड्याचा वास सगळीकडे भरला होता. थांबणे सहन न झाल्याने सात जणांनी पहाटेच चोरून खीर प्यायली होती. ते भिंतीकडेला निजले होते, आणि त्यांच्या आया त्यांना हलवत नव्हत्या.

जिवाई राजवाड्याच्या दाराशी आली. पायरीवर एक धुळीने माखलेला म्हातारा बसला होता. तिने विचारले, “बाबा, खीर घ्यायला आलात?”

“खीर नाही, न्याय मागायला आलो,” तो म्हणाला. “मी म्हाळप्पा, सीमेवरच्या गावचा. चार दिवस चाललो. द्वारपाल तीन दिवस आत सोडत नाही.”

“भाकीत ऐकलं नाही?”

“ऐकलं. पण माझा शेजारी म्हणतो, मी पाण्याच्या पाटाचं दार चोरून उघडलं. गाव मला चोर म्हणतं.”

जिवाईने त्याचा हात धरला. द्वारपालाने भाला आडवा केला. “तुझ्या आईला विचार तुला कोणी ओढून बाहेर काढलं,” ती म्हणाली. “सर बाजूला.” द्वारपाल सरला.

सज्जात राजा बसला होता. मांडीवर राजकन्या, हातात चांदीची वाटी. राणी बाजूला डोळे मिटून बसली होती. नगारा वाजवणारा टिपरी वर धरून इशाऱ्याची वाट बघत होता. सावल्या पायांशी येऊ लागल्या होत्या.

“महाराज, माझा न्याय राहिलाय,” म्हाळप्पा म्हणाला.

राजाने त्याच्याकडे बघितले, जणू फार दुरून. “वृद्धा, अर्ध्या घटकेत ही नगरी उरणार नाही. निकाल घेऊन काय करशील?”

“चोर म्हणून मरणार नाही, महाराज.”

राजाची वाटी थोडी खाली आली. “साक्षीदार कोण?”

“पाटाचं पाणी वाटणारा गावचा पाटकरी. त्याचा पाय मोडलाय. डोलीतून त्याला इथवर आणायला सात दिवस लागतील.”

“सात दिवस,” राजा म्हणाला आणि हसला. ते हसू ऐकून राणीने डोळे उघडले. “साक्षीवाचून निवाडा देता येत नाही, आणि साक्षीला दिवस नाहीत. मी तुला काहीही देऊ शकत नाही.” त्याने वाटी पुन्हा उचलली. राजकन्येने मुकाट्याने तोंड उघडले.

जिवाई पुढे झाली. एक शब्द चुकला असता तर सगळे गेले असते.

“महाराज, ही मुलगी आली त्या दिवशी राणीसाहेब मला म्हणाल्या होत्या, जिवाई, मी मेले. आजवर मी ज्यांना मोकळं केलं त्या सगळ्या म्हणाल्या. मी कोणालाच सांगितलं नाही की तू मरणार नाहीस. मला काय ठाऊक? काही गेल्याही. मी एवढंच म्हणते, आलेली कळ घे. पुढची आली की पुढची बघू.”

“आणि पुढे?” राजाने विचारले.

“पुढचं मला सांगता येत नाही.”

नगारा वाजवणाऱ्याने राजाकडे बघितले. राणी उठली आणि तिने राजकन्येला राजाच्या मांडीवरून उचलून घेतले. राजाच्या हातात नुसती वाटी राहिली. त्याने म्हाळप्पाकडे बघितले. त्याच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघितले. मग वाटी खाली ठेवली.

“लेखनिक कुठे आहे?”

“पळाला, महाराज.”

राजाने स्वतः बोरू घेतला. तो मोठ्याने बोलत लिहू लागला. “सीमेवरील म्हाळप्पाचा दावा. सुनावणी आजपासून आठव्या दिवशी, पहिल्या प्रहरी. पाटकऱ्याला आणायला राजवाड्याची डोली पाठवावी.”

जिवाईच्या मनगटावरून दोरा गळून पडला.

नगारा वाजला नाही. सूर्य माथ्यावर आला. काळ्या डोंगरात सोन्याचे पात्र मधोमध चिरले आणि पाण्यावर त्याचे दोन तुकडे तरंगू लागले. चौकात हजारो माणसे मान वर करून सावरीच्या झाडाकडे बघत होती. राजाने विचारले, “पक्ष्या, आता पुढे काय?”

धनेशाने मान बाहेर काढली. “मला माहीत नाही,” तो म्हणाला. मग साध्या पक्ष्यासारखा कर्कश ओरडून तो उडाला आणि नदीपार गेला.

माणसे कढया लाथाडू लागली. दौलत धावत हत्तीखान्याकडे गेला. आयांनी लेकरांना इतके घट्ट धरले की ती रडू लागली, आणि त्या रडण्याने नगरी भरून गेली. मग भिंतीकडेच्या सात जणांची आठवण झाली, आणि सगळे शांत झाले. त्यांच्या चिता राजाने स्वतः रचल्या.

जिवाईच्या तिघी आपापल्या वेळी मोकळ्या झाल्या. आठव्या दिवशी दरबार भरला. पाटकऱ्याने साक्ष दिली की पाटाचे दार कुजून आपोआप पडले होते. म्हाळप्पा निर्दोष ठरला. त्यानंतर राजा गादीवरून उतरला, अनवाणी लोकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, “आता माझा दावा. मी माझ्या प्रजेसाठी विष शिजवले. निवाडा तुम्ही द्या.”

जिवाईने आता भानुमित्राची सारी हकिगत सांगितली. तेव्हा त्या सातांपैकी एकीची आई पुढे आली. “तुला मारून माझी लेक येत नाही,” ती राजाला म्हणाली. “ज्याला तुझ्या घराण्याने चाबकाने मारलं, त्याच्याकडे पायी जा. माफी माग आणि त्याला घरी आण.”

राजा गेला. पाठमोरा नदीत उतरला, वाघांमधून चालत गेला, शिळेपाशी आपले कारण सांगितले. पंधराव्या दिवशी तो परतला तेव्हा म्हातारा भानुमित्र डोलीत होता आणि डोलीच्या पुढच्या दांड्याला राजाचा खांदा होता.

पुढच्या भाद्रपदात भानुमित्राने नदीचा रंग बघितला, वाऱ्याचा वास घेतला आणि दरबारात आला. “पूर येणार,” तो म्हणाला. “अकराव्या दिवशी. पाणी वेशीच्या कमानीला लागेल.”

दोघेतिघे हसले. मागे कोणीतरी गळा काढला. राजा उठला. “अकरा दिवस आहेत,” तो म्हणाला. “धान्य वर न्या. आजारी माणसे आधी, मग गुरे. खालच्या आळीपासून सुरुवात करा.”

अकरा दिवस नगरी राबली. थोरल्या हत्तीने कोष्ट्यांचे माग ओढून नेले, चिमाक्काने आपल्या बरण्या स्वतः डोक्यावरून नेल्या. अकराव्या दिवशी पूर आला. पाणी नेमके कमानीला लागले. खालच्या आळीतली चाळीस घरे गेली, दोन गोठे गेले.

चौथ्या दिवशी पाणी उतरले आणि लोक घमेली घेऊन चिखल काढायला खाली आले. भानुमित्र वेशीपाशी एका दगडावर बसला होता. पहिला माणूस जवळून जाताना त्याने विचारले, “किती गेले?”

“कोणी नाही, आजोबा.”

मागून एक बाई आली. त्याने तिलाही विचारले, “किती गेले?”

“कोणी नाही.”

दिवसभर माणसे त्या वाटेने ये-जा करत होती. म्हातारा प्रत्येकाला तेच विचारत होता, आणि चिखलाने माखलेली माणसे डोक्यावरचे घमेले सावरत, थांबून, त्याला तेच उत्तर देत होती.